स्टाफला ॲडमिन न करता डाउनलोड केलेली सॉफ्टवेअर चालवायची कशी?

प्रश्न थोडक्यात असा आहे. करसल्लागाराचं ऑफिस, सात कॉम्प्युटर, विंडोज १० आणि ११. एका मशीनवर व्हायरस आला म्हणून मालकांनी सगळ्या स्टाफची खाती ‘स्टँडर्ड’, म्हणजे ॲडमिनसारखे पूर्ण हक्क नसलेली, करून टाकली. तेव्हापासून तीन तक्रारी आहेत. डाउनलोड केलेलं काहीही उघडलं की ॲडमिनचा पासवर्ड मागतं. जुनं हिशेबाचं सॉफ्टवेअर उघडतं, पण एकाने केलेली नोंद दुसऱ्याला दिसत नाही. आणि डिजिटल सहीचं टोकन (सही साठवलेला पेनड्राइव्हसारखा तुकडा) मालकांच्या खात्यात चालतं, स्टाफच्या खात्यात नाही. सॉफ्टवेअरवाले सगळे एकच सांगतात, ‘सर, सगळ्यांना ॲडमिन करून टाका.’ करावं का?

करू नका. सॉफ्टवेअरवाल्याला तो सल्ला सोयीचा आहे, कारण त्याचा फोन तिथेच संपतो. पुढचं निस्तरायचं तुम्हाला आहे. लहान ऑफिसं, पतसंस्था, शाळा यांची मशिनं मी बरीच वर्षं सांभाळतो. स्टँडर्ड खात्यात काही केल्या चालतच नाही असं सॉफ्टवेअर क्वचित भेटतं. बहुतेक वेळा घोळ दोनच ठिकाणी असतो: सॉफ्टवेअर कुणाच्या खात्यात बसलंय, आणि ते लिहितंय कुठे. तुमच्या तिन्ही तक्रारी याच दोन प्रश्नांवर येऊन थांबतात.

आधी लिहिण्याचं बघू, कारण पैशांचा हिशेब तिथे अडकलेला आहे.

विंडोज ९५ आणि ९८ मध्ये वेगवेगळ्या खात्यांना नावापुरताच अर्थ होता. कुणीही बसला तरी सगळं मशीन त्याचं. २००१ साली एक्सपी आलं. त्यात हक्कांची वाटणी खरी होती, ‘लिमिटेड’ नावाचा खात्याचा प्रकारही होता. पण विंडोज टाकताना जी खाती बनत ती सगळी ॲडमिनच असत आणि पुढे कुणी ती बदलायला जात नसे. त्या काळात सॉफ्टवेअर लिहिणाऱ्यांनी डेटा, सेटिंग, लॉग सगळं सॉफ्टवेअरच्याच फोल्डरात टाकायची सवय लावून घेतली. सी ड्राइव्हच्या ‘प्रोग्रॅम फाइल्स’मध्ये फोल्डर, त्यातच एक्सई (प्रोग्रॅम चालवणारी मूळ फाइल), शेजारीच डेटाची फाइल. ॲडमिनला कुठेही लिहिता येत असल्यामुळे त्यात काही चुकलंय असं कुणाला वाटलंही नाही.

२००७ मध्ये व्हिस्टा आलं आणि ही सवय अंगाशी आली. स्टँडर्ड खात्याला ‘प्रोग्रॅम फाइल्स’ आणि ‘विंडोज’ हे फोल्डर वाचता येतात, तिथली सॉफ्टवेअर चालवता येतात, लिहिता मात्र येत नाही. स्वतःच्या प्रोफाइलमध्ये, म्हणजे ‘युजर्स’च्या आत आपल्या नावाच्या फोल्डरात, हवं ते करता येतं. रजिस्ट्रीचंही, म्हणजे विंडोजच्या सेटिंगांच्या साठ्याचंही, तसंच: आपला भाग आपला, मशीनचा भाग ॲडमिनचा. नियम एवढाच आहे. पण तो कडकपणे लावला असता तर जुनी सॉफ्टवेअर एका दिवसात बंद पडली असती. म्हणून मायक्रोसॉफ्टने एक पळवाट ठेवली. जुनं ३२ बिटांचं सॉफ्टवेअर ‘प्रोग्रॅम फाइल्स’मध्ये लिहायला गेलं तर विंडोज त्याला नाही म्हणत नाही. त्या फाइलीची एक प्रत गुपचूप त्या माणसाच्या प्रोफाइलमध्ये बनते आणि पुढचं सगळं लिखाण त्या प्रतीत होतं. सॉफ्टवेअरला वाटतं आपण मूळ फाइलीतच लिहिलं. या प्रती ‘ॲपडेटा’, ‘लोकल’, त्यात ‘व्हर्च्युअलस्टोअर’ अशा फोल्डरात जातात.

यातून काय होतं ते एका पतसंस्थेत पाहिलेलं सांगतो. व्हिज्युअल बेसिकमध्ये केलेलं सॉफ्टवेअर, डेटा मायक्रोसॉफ्ट ॲक्सेसच्या एमडीबी फाइलीत, आणि सगळं ‘प्रोग्रॅम फाइल्स’मध्ये. मशीन एक, त्यावर दोन कारकुनांची दोन स्टँडर्ड खाती. सकाळच्या कारकुनाने पिग्मीचा भरणा टाकला. दुपारी दुसऱ्या कारकुनाने आपल्या खात्यातून उघडलं तर सकाळचा भरणा नाहीच. त्याने आपल्या नोंदी केल्या. संध्याकाळी व्यवस्थापकांनी ‘रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर’ करून उघडलं, तर त्यांना दोघांच्याही नोंदी दिसेनात; खाती स्टँडर्ड केली त्या दिवसापर्यंतचाच डेटा. सॉफ्टवेअरवाला म्हणाला डेटाबेस करप्ट झालाय, रिपेअर मारा. करप्ट काहीच नव्हतं. एकाच नावाच्या तीन एमडीबी फाइली तयार झाल्या होत्या: एक मूळ जागी आणि एकेक दोघांच्या व्हर्च्युअलस्टोअरमध्ये. तिन्ही बाहेर काढून, तारखा बघून, व्हाउचर नंबर जुळवून नोंदी एकत्र कराव्या लागल्या. रिपेअर मारून, मूळ फाइल ‘दुरुस्त’ म्हणून पुढे वापरली असती तर बाकीच्या दोन फाइलींकडे कुणाचं लक्षही गेलं नसतं.

तुमच्याकडे ‘एकाने केलेली नोंद दुसऱ्याला दिसत नाही’ असं आहे, म्हणून मी आधी हेच तपासेन. टास्क मॅनेजर उघडा, ‘डिटेल्स’मध्ये जा, वरच्या मथळ्यांच्या ओळीवर राइट क्लिक करून ‘सिलेक्ट कॉलम्स’मधून ‘यूएसी व्हर्च्युअलायझेशन’ (वरच्या पळवाटेचं विंडोजमधलं नाव) हा रकाना आणा. तुमच्या सॉफ्टवेअरसमोर ‘एनेबल्ड’ दिसलं तर संशय पक्का. मग प्रत्येक स्टाफच्या खात्यात जाऊन व्हर्च्युअलस्टोअर उघडून बघा. ‘ॲपडेटा’ लपवलेला फोल्डर आहे. एक्सप्लोररच्या ‘व्ह्यू’मध्ये ‘हिडन आयटम्स’वर खूण केल्याशिवाय दिसत नाही. तिथे डेटाची फाइल सापडली तर काहीही बदलायच्या आधी सगळ्या प्रती, कुणाच्या खात्यातली कोणती हे नावात लिहून, पेनड्राइव्हवर घ्या. ६४ बिटांच्या सॉफ्टवेअरला ही पळवाट मिळत नाही. ते सरळ ‘ॲक्सेस डिनाइड’ म्हणून थांबतं, आणि खरं तर तेच बरं.

उपाय डेटा बाहेर काढण्याचा आहे. बऱ्याच सॉफ्टवेअरमध्ये डेटाचा पाथ, म्हणजे फाइल कुठे आहे तो पत्ता, बदलायची सोय असते. जुन्यांत तो पाथ एक्सईच्या शेजारच्या आयएनआय नावाच्या सेटिंगच्या फाइलीत लिहिलेला असतो आणि तो ॲडमिन खात्यातून नोटपॅड उघडून बदलता येतो. डी ड्राइव्हवर ‘ऑफिसडेटा’सारखा फोल्डर करा आणि तिथे डेटा न्या. त्या फोल्डरच्या ‘प्रॉपर्टीज’मध्ये ‘सिक्युरिटी’, ‘एडिट’, आणि ‘युजर्स’ या गटाला ‘मॉडिफाय’ची खूण. ‘फुल कंट्रोल’ नको. त्यात परवानग्या बदलायचाही हक्क येतो आणि तो कारकुनाच्या कामाचा नाही. हक्क फोल्डरलाच द्या, नुसत्या एमडीबी फाइलीला देऊन भागत नाही. ॲक्सेसची फाइल उघडली की शेजारी एलडीबी नावाची कुलूप-फाइल बनते, शेवटचा माणूस बाहेर पडला की ती पुसली जाते. फोल्डरात फाइल बनवायचा आणि पुसायचा हक्क नसेल तर डेटा रीड-ओन्ली उघडतो किंवा दुसऱ्या माणसाला आत घेतच नाही. ‘ऑपरेशन मस्ट यूज ॲन अपडेटेबल क्वेरी’ हा जुना ओळखीचा एरर बऱ्याचदा याच कारणाने येतो.

पाथ बदलता येत नसेल आणि डेटाला ‘प्रोग्रॅम फाइल्स’मध्येच राहायचं असेल, तर आतल्या डेटाच्या उपफोल्डरापुरता ‘मॉडिफाय’ द्या. पण एक लक्षात ठेवा: हक्क दिला तरी व्हर्च्युअलस्टोअरमधली जुनी प्रत तिथेच असते, आणि सॉफ्टवेअर आधी तीच वाचतं. ती प्रत बाजूला काढली नाही, निदान तिचं नाव बदललं नाही, तर ‘परवानगी देऊनही तेच होतंय’ असा फोन येतो.

एक्सई असलेल्या फोल्डरावर मात्र सगळ्यांना लिहायचा हक्क देऊ नका. तो दिला की कुणा एकाच्या खात्यात शिरलेला व्हायरस ती एक्सई बदलू शकतो, आणि उद्या मालकांनी तीच एक्सई ॲडमिन म्हणून चालवली की सगळं मशीन त्याच्या ताब्यात. सॉफ्टवेअरवाले ‘सी ड्राइव्हवर थेट फोल्डर करा, प्रोग्रॅम फाइल्समध्ये टाकू नका, मग चालतं’ असं का सांगतात त्याचंही उत्तर इथे आहे. सी ड्राइव्हच्या मुळाशी बनवलेल्या नव्या फोल्डरात विंडोज मुळातच लॉगइन केलेल्या प्रत्येकाला बदल करू देतं. चालतं हे खरं, पण एक्सईसुद्धा उघड्यावर येते. टीडीएसची विवरणपत्रं बनवणाऱ्या आरपीयूसारखी, झिपमधून काढून बॅच फाइलीने (कमांड लिहिलेल्या छोट्या फाइलीने) चालवायची साधनं मी तशी ठेवतो, कारण ती दर तिमाहीला नव्याने उतरवायची असतात. रोजच्या हिशेबाचं सॉफ्टवेअर तसं ठेवणार नाही.

‘प्रोग्रॅमडेटा’ या फोल्डरचा आणखी एक चमत्कार आहे. तिथे कुणालाही फाइल बनवता येते, पण जो बनवेल तोच ती बदलू शकतो. इतरांना ती फक्त वाचता येते. म्हणून ‘एकीच्या खात्यात चालतं, दुसरीच्या नाही’ अशी तक्रार आली आणि व्हर्च्युअलस्टोअर रिकामं निघालं, तर इथे बघायचं. ज्या खात्यातून ते सॉफ्टवेअर पहिल्यांदा उघडलं गेलं, फाइल त्याच्या मालकीची झालेली असते.

आता पासवर्डच्या खिडकीकडे येऊ. टोकनची तक्रार इथे आहे.

मालकांचं खातं ॲडमिन आहे. त्यांना ती खिडकी नुसतं ‘येस’ विचारते आणि ‘येस’ केल्यावर सॉफ्टवेअर त्यांच्याच नावाने, वाढीव हक्कांनी चालतं. स्टँडर्ड खात्यात तीच खिडकी ॲडमिनचा पासवर्ड मागते. दोन्हींत फरक पासवर्डपुरताच आहे असं बहुतेकांना वाटतं. तसं नाही. स्टाफच्या खात्यात बसून तुम्ही आपला पासवर्ड टाकलात की ते सॉफ्टवेअर तुमच्या नावाने चालतं, स्टाफच्या नाही. ‘माय डॉक्युमेंट्स’ तुमचं, रजिस्ट्रीचा वैयक्तिक भाग तुमचा, ॲपडेटा तुमचा. इन्स्टॉलरने डेस्कटॉपवर आयकॉन ठेवला तर तोही तुमच्या डेस्कटॉपवर जाऊ शकतो. स्टाफ म्हणते, ‘सर, इन्स्टॉल सक्सेसफुल आलं, पण कुठे गेलं कळत नाही.’ ते तुमच्या खात्यात गेलेलं असतं. सर्व्हरचा ‘झेड ड्राइव्ह’ अशा खिडकीत का दिसत नाही, याचंही कारण हेच: जोडलेला नेटवर्क ड्राइव्ह त्या त्या लॉगइनचा असतो.

डिजिटल सहीत तीन थर असतात. टोकनचा ड्रायव्हर हा मशीनचा थर. तो एकदाच, ॲडमिनने टाकायचा. सही करून देणारं साधन, म्हणजे जीएसटी पोर्टलला एमसाइनर, आयकर पोर्टलला एमब्रिज, हा दुसरा. पोर्टल त्याच्याशी तुमच्या मशीनमधल्याच एका स्थानिक पोर्टवरून, म्हणजे जोडणीच्या ठरावीक दारावरून, बोलतं. तिसरा थर वैयक्तिक असतो: टोकनमधलं सर्टिफिकेट त्या माणसाच्या सर्टिफिकेटांच्या यादीत दिसणं आणि त्याच्या ब्राउझरने त्या स्थानिक जोडणीवर विश्वास ठेवणं. सगळं मालकांच्या पासवर्डने टाकलं गेलं तेव्हा तिसरा थर त्यांच्या खात्यात तयार झाला. स्टाफच्या खात्यात तो झालाच नाही.

म्हणून क्रम असा ठेवा. तुम्ही ॲडमिन खात्यात स्वतः लॉगइन करून ड्रायव्हर आणि सहीचं साधन टाका. तिथे ‘सर्व युजर्ससाठी’ असा पर्याय विचारला तर तोच निवडा. मग साइन आउट करून स्टाफच्या खात्यात जा, टोकन लावा, टोकनच्या साधनात सर्टिफिकेट दिसतंय का बघा, सहीचं साधन साध्या डबल क्लिकने सुरू करा आणि ब्राउझरमध्ये पोर्टलवर नोंदणीचा टप्पा त्या खात्यातूनच करा. हे साधन पासवर्ड देऊन ‘ॲज ॲडमिनिस्ट्रेटर’ सुरू केलं तर ते पुन्हा तुमच्या नावाने चालणार आणि तुमची सर्टिफिकेटं शोधणार.

यात एक छोटा सापळा आहे. तुम्ही ‘स्विच युजर’ करून उठलात आणि तुमच्या खात्यात सहीचं साधन मागे चालूच राहिलं, तर तो पोर्ट अडलेला असतो. पोर्ट मशीनला एकच, खात्यागणिक वेगळा नाही. स्टाफच्या खात्यातलं साधन मग सुरूच होत नाही किंवा पोर्टलची हाक तुमच्या खात्यातल्या साधनाला जाते. टोकन चालत नाही अशी बोंब झाली की मी आधी विचारतो, ‘मशीनवर अजून कोण लॉगइन आहे?’ स्विच युजर नको, पूर्ण साइन आउट करायची सवय लावा.

वाढीव हक्कांची आणखी एक गंमत आपल्या मराठी टायपिंगवर येते. कळफलकावर हुक लावून, म्हणजे दाबलेली कळ मधेच पकडून, चालणारी मराठी टायपिंगची साधनं साध्या हक्कांनी चालू असतात. एखादं सॉफ्टवेअर ‘ॲज ॲडमिनिस्ट्रेटर’ उघडलं की त्या खिडकीत मराठी उमटत नाही, इंग्रजीच येतं. विंडोज कमी हक्कांच्या प्रोग्रॅमला जास्त हक्कांच्या खिडकीत कळा दाबू देत नाही, हे जाणूनबुजून केलेलं आहे. एक्सप्लोररमधून फाइल ओढून अशा खिडकीत टाकता येत नाही, तेही याचमुळे. डीटीपीवाले यावर टायपिंगचं साधनही ॲडमिन म्हणून चालवतात. त्यापेक्षा ते पहिलं सॉफ्टवेअर ॲडमिन म्हणून का चालवावं लागतंय ते शोधा. विंडोजचा स्वतःचा इनस्क्रिप्ट, किंवा २०१९ च्या मे अपडेटपासून आलेला मराठी फोनेटिक कळफलक, हुक लावून चालत नाही, त्यामुळे त्याला हा त्रास होत नाही. फाँटही आता स्टँडर्ड खात्यातून टाकता येतात, विंडोज १० च्या १८०९ आवृत्तीपासून. मात्र ते त्या एकाच खात्यापुरते बसतात आणि काही जुन्या डीटीपी सॉफ्टवेअरना दिसत नाहीत. ऑफिसभर लागणारा फाँट ॲडमिननेच ‘इन्स्टॉल फॉर ऑल युजर्स’ करून टाकावा.

राहिली पहिली तक्रार, ‘काहीही उघडलं की पासवर्ड’. पासवर्ड मागणारं सगळंच खरोखर ॲडमिनचं काम करत नसतं. जुन्या ३२ बिटांच्या एक्सईच्या नावात सेटअप, इन्स्टॉल, अपडेट असले शब्द दिसले की विंडोज स्वतःच अंदाज बांधून पासवर्ड मागतं. क्रोम किंवा फायरफॉक्सच्या इन्स्टॉलरने पासवर्ड मागितला आणि तुम्ही ‘नो’ केलंत, तर तो त्या खात्यापुरता बसायची तयारी दाखवतो. झूम मुळातच खात्यापुरतं बसतं, व्हीएस कोडचा तर ‘युजर इन्स्टॉलर’ वेगळा मिळतो. मायक्रोसॉफ्ट स्टोअरमधूनही स्टँडर्ड खात्याला ॲप घेता येतात. तेव्हा प्रत्येक डाउनलोडला पासवर्ड द्यायला धावण्याआधी, त्याची ‘युजर’ आवृत्ती किंवा पोर्टेबल झिप मिळते का ते बघा.

तरी ऑफिसात सगळ्यांना लागणारी चार-पाच साधनं मी खात्यापुरती बसवत नाही. ब्राउझर, पीडीएफ, ऑफिस, जावा ही सगळ्यांसाठी एकदाच टाकतो. खात्यापुरतं टाकलेलं सॉफ्टवेअर प्रत्येक खात्यात वेगळं, प्रत्येकाची आवृत्ती वेगळी, आणि सोडून गेलेल्या स्टाफच्या खात्यात तीन वर्षांपूर्वीची आवृत्ती तशीच पडलेली. एकदाच्या मशीनच्या कामांत जुन्या सॉफ्टवेअरसाठी डॉट नेट ३.५ हा विंडोजचा घटक चालू करणं, ओसीएक्स फाइली (जुन्या सॉफ्टवेअरचे सुटे भाग) रजिस्टर करणं आणि प्रिंटर टाकणं हेही येतं. ऑगस्ट २०२१ च्या सुरक्षा अपडेटनंतर नेटवर्कवरून प्रिंटरचा ड्रायव्हर घ्यायलाही ॲडमिन लागतो, त्यामुळे सगळ्या मशीनवर सगळे प्रिंटर एकदाच जोडून ठेवा.

झिप उतरवली की उघडण्याआधी तिच्या ‘प्रॉपर्टीज’मध्ये खाली ‘अनब्लॉक’ची खूण दिसते का ते बघा. इंटरनेटवरून आलेल्या फाइलीवर विंडोज एक शिक्का मारतं. झिप तशीच उलगडली तर आतल्या फाइलींवरही तो उतरतो आणि मग स्मार्टस्क्रीन ही विंडोजची तपासणी अडवते किंवा बॅच फाइल दर वेळी विचारत बसते. खात्रीच्या ठिकाणाहून घेतलेल्या झिपचाच शिक्का काढायचा, हे वेगळं सांगायला नको. आणि झिपच्या आतूनच डबल क्लिक करून चालवू नका. ते टेंप या तात्पुरत्या फोल्डरात एकटं उलगडतं, शेजारच्या फाइली त्याला सापडत नाहीत, आणि लोक म्हणतात स्टँडर्ड खात्यात चालत नाही.

एवढं करूनही एखादं हट्टी सॉफ्टवेअर उरलं तर प्रोसेस मॉनिटर हे मायक्रोसॉफ्टच्या सिसइंटर्नल्सचं फुकट साधन वापरा. ते स्वतः ॲडमिन म्हणून चालवावं लागतं, पण बघायचं असतं स्टाफच्या खात्यात साध्या हक्कांनी चालणारं सॉफ्टवेअर. फिल्टरमध्ये त्या एक्सईचं नाव टाका, ‘रिझल्ट’ला ‘ॲक्सेस डिनाइड’ लावा आणि स्टाफला सॉफ्टवेअर उघडायला सांगा. यादी लांब आली तर घाबरू नका. त्यातल्या बऱ्याच ओळी निरुपद्रवी असतात: सॉफ्टवेअर आधी जास्त हक्क मागून बघतं, मिळाले नाहीत की वाचण्यापुरते घेऊन पुढे जातं. एरर यायच्या अगदी आधीची ओळ शोधा. ती बहुधा एखादी लॉग फाइल किंवा रजिस्ट्रीतली मशीनच्या भागातली एक की असते. त्या एका जागेला लिहायचा हक्क दिला की काम होतं. काही सॉफ्टवेअरच्या आत ‘मला ॲडमिनच लागतो’ असं नुसतं लिहून ठेवलेलं असतं, प्रत्यक्षात ती तसं काहीच करत नाहीत. त्यांना ‘रन ॲज इन्व्होकर’ ही सवलत एका ओळीच्या बॅच फाइलीतून लावता येते. याने नवा हक्क कुठलाच मिळत नाही, फक्त पासवर्डची खिडकी टळते. पुढे ते चालतं की अडतं यावरून त्याला खरंच ॲडमिन लागतो का ते कळतं.

कुणी सुचवलं तरी करू नका अशा दोन गोष्टी. पहिली, यूएसीचा, म्हणजे ती परवानगीची खिडकी कधी यावी हे ठरवणारा, दांडा तळाला नेणं. स्टँडर्ड खात्यात त्याने ॲडमिनचे हक्क मिळत नाहीत, फक्त मशीनचं संरक्षण कमी होतं. दुसरी, ‘रनॲज’ कमांडला ‘सेव्हक्रेड’ जोडून ॲडमिनचा पासवर्ड साठवणं. दिसायला छान, आयकॉनवर क्लिक केलं की चालू. पण तो साठवलेला पासवर्ड एका सॉफ्टवेअरपुरता नसतो. त्या खात्यातून तीच कमांड वापरून काहीही ॲडमिन म्हणून चालवता येतं. स्टाफला ॲडमिन केल्यासारखंच ते, फक्त तुम्हाला न कळता. ॲडमिन खात्याला पासवर्डच नसणं हाही त्यातलाच प्रकार. रिकाम्या चौकटीवर ‘येस’ दाबलं की काम होतं, आणि हे स्टाफला तुमच्या आधी कळलेलं असतं.

स्टँडर्ड खात्याकडून अपेक्षा मात्र रास्त ठेवा. रॅन्समवेअरला, म्हणजे खंडणी मागणाऱ्या व्हायरसला, तुमच्या फाइली कुलूपबंद करायला ॲडमिन लागत नाही. स्टाफला जे बदलता येतं ते सगळं, सर्व्हरवरच्या सामाईक फोल्डरसकट, तिच्या खात्यात शिरलेला रॅन्समवेअर बदलू शकतो. ॲडमिन नसल्यामुळे त्याला विंडोजच्या शॅडो कॉपी (त्याने जपलेल्या फाइलींच्या जुन्या प्रती) पुसता येत नाहीत, दुसऱ्यांच्या प्रोफाइलमध्ये घुसता येत नाही, अँटीव्हायरस बंद करता येत नाही. हे कमी नाही, पण बॅकअपची जागा ते घेत नाही. २०१७ च्या मे महिन्यातला वॉनाक्राय हा रॅन्समवेअर तर फाइल शेअरिंगच्या भोकातून थेट सिस्टीमच्या हक्कांनी आत येत होता. तिथे खातं कुठलं याला अर्थच नव्हता. मार्चमध्ये आलेलं अपडेट ज्यांनी टाकलं होतं ते वाचले.

नवी खाती बनवताना नाव रोमन अक्षरांत, एका शब्दात ठेवा. हौसेने देवनागरीत नाव दिलं तर प्रोफाइलच्या फोल्डरचं नावही देवनागरीत होतं, आणि युनिकोडच्या आधीच्या सॉफ्टवेअरना स्वतःच्या टेंप फोल्डरचा पत्ता वाचता येत नाही. नंतर खात्याचं नाव बदललं तरी फोल्डरचं नाव तेच राहतं. साइन-इनच्या पडद्यावर दिसणारं नाव नंतर मराठीत करा, त्याने काही बिघडत नाही.

तुमच्या ऑफिसात मी सुरुवात अशी करेन. प्रत्येक मशीनवर एक वेगळं ॲडमिन खातं, पासवर्ड फक्त तुमच्याकडे आणि एक प्रत पाकिटात तिजोरीत. मालकांचं रोजचं खातंही स्टँडर्ड; ते कुरकुर करतील, पण सगळ्यात जास्त मेल तेच उघडतात. ॲडमिन खातं चालतंय याची खात्री झाल्यावरच दुसरी खाती उतरवा. त्यानंतर व्हर्च्युअलस्टोअरच्या प्रती गोळा करून हिशेबाचा डेटा डी ड्राइव्हवर, मग टोकन, मग बाकीचं. महिन्यातून एका शनिवारी ॲडमिन खात्यातून सगळी अपडेट, म्हणजे मधल्या दिवसांत पासवर्ड मागायला कुणी येत नाही.

आणि सॉफ्टवेअरवाला रिमोटवर येईल तेव्हा पासवर्डची खिडकी उघडताच तो म्हणेल, ‘सर, माझ्याकडे स्क्रीन काळी झाली.’ ती खिडकी विंडोज वेगळ्या, सुरक्षित पडद्यावर दाखवतं. नुसतं डाउनलोड करून चालवलेल्या रिमोट साधनाला तो पडदा दिसत नाही. त्याला थांबायला सांगा, पासवर्ड तुम्ही स्वतः टाका. पासवर्ड फोनवर सांगू नका, आणि त्याचं काम झालं की खातं परत तपासा; जाताजाता ‘ॲडमिनिस्ट्रेटर’ करून गेलेले मी पाहिलेत.